डोस्क्याची गोळी

वीरप्पानं बायकोसाठी जन्मात कधी गजरा आणला नाही. बांगड्या आणल्या नाहीत, की लुगडं कोणत्या रंगाचं हवं म्हणून विचारलं नाही. आमच्या भागातल्या बाप्यांना ते जमतच नाही हो. बायकोशी चारचौघांत दोन शब्द गोड बोलला, तर माणूस आठ दिवस तोंड लपवत फिरतो. पण नळदुर्गाचा बाजार करून परतताना वीरप्पाच्या खिशात एक पुडकं हमखास असायचं. घरात शिरला की ते तो मुकाट्यानं भिंतीतल्या देवळीत ठेवायचा, आणि शिवगंगा चुलीपुढं बसून गालातल्या गालात हसायची. पुडक्यात गोळ्या असायच्या. पांढऱ्या, डोकेदुखीच्या. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं, आणि नवरा असावा तर असा, असं बायका एकमेकींना बोलून दाखवायच्या.

त्या पुडक्यातनं काय निघालं, तेच तर सांगायचंय. पण आधी बहात्तरचा दुष्काळ सांगायला हवा. गोळी गावात आली ती त्या दुष्काळात. दुष्काळ गेला, ती काही गेली नाही.

गाव अणदूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. वीरप्पाचं रान माळाचं, पावसाच्या भरवशावरचं. शिवगंगा कानडी मुलखातली, खात्यापित्या लिंगायताच्या घरची लेक. अंगानं दणकट, आवाज खणखणीत, आणि मान अशी ताठ, की सासू म्हणायची, ही सून आणली का पाटलीण आणली? माहेरी बाईनं दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचं नाही, अशी रीत. पण विहिरी तळाला गेल्या, ज्वारीचं कणीस दिसेना, गोठ्यातली दावण मोकळी झाली, तेव्हा रीत कुठं घेऊन बसता? हमरस्त्याला खडी फोडायचं सरकारी काम निघालं. वीरप्पा पाट्या वाहायला गेला आणि शिवगंगा हातोडा घेऊन बायकांच्या रांगेत बसली. सुरुवातीला पदर डोळ्यांवर ओढून बसायची, कुणी ओळखू नये म्हणून. पुढं पदर खोचला कमरेला, आणि रांगेत सगळ्यात मोठा ढीग तिचाच दिसू लागला.

पण दगड काय फुकट फुटतोय? प्रत्येक ठोका हातातनं मानेत आणि मानेतनं डोक्यात जायचा. वर ऊन मी म्हणत असलेलं. एका दुपारी वीरप्पा पाटी टाकून वळला, तर बायको डोक्याला चिंधी आवळून, डोळे मिटून बसलेली. ओठ दातांत धरलेला. ही बाई बाळंतपणात सुद्धा ओरडली नव्हती. वीरप्पा सरळ हमरस्त्यावरच्या धाब्याकडं चालू लागला. तिथं हैदराबादकडचे ट्रकवाले बसलेले असायचे. त्यातल्या एकानं चहाबरोबर तोंडात गोळी टाकलेली त्यानं आदल्या दिवशी पाहिली होती.

"घरवाली का सर दुखता क्या? लेके जाव अण्णा," तो ड्रायव्हर म्हणाला. "चाय के संगात देव. दर्द कां गया, पताच नै चलता."

खरंच पत्ता लागला नाही. ऊन कलायच्या आत शिवगंगानं डोक्याची चिंधी सोडून टाकली आणि नवऱ्याकडं बघितलं. लग्नानंतर तिनं त्याच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. तो बिचारा लाजून दुसरीकडं बघू लागला. पण त्याला आपल्या जन्माची वाट सापडली. बायकोसाठी काय करावं हे आजवर त्याला कळत नव्हतं, ते कळलं.

मग शिवगंगानं आणखी एक शोध लावला. दुखायला लागल्यावर कशाला घ्यायची? आधीच घेतली तर दुखतच नाही! सकाळी लिंगपूजा व्हायची, कपाळाला भस्म लागायचं, आणि बिनगुळाच्या काळ्या चहाबरोबर दोन गोळ्या पोटात गेल्या की बाईसाहेब कामावर. दुपारी आणखी. रांगेतल्या बायकांनी विचारलं, तिनं सांगितलं. लपवायचा स्वभावच नव्हता तिचा. एक पत्र्याचा डबा रांगेत फिरू लागला. पाण्याचे माठ दोन होते, गावातल्यांचा एक आणि बौद्धवाड्यातल्यांचा एक. गोळीचा डबा मात्र एकच होता, आणि त्याला कुणाचा विटाळ होत नव्हता. संक्रांत आली तेव्हा तीळ कुठला आणि गूळ कुठला? तर शिवगंगानं प्रत्येकीच्या हातावर वाण म्हणून एकेक गोळी ठेवली.

"आमच्यात आता संक्रांत न्हाई बाई," बौद्धवाड्यातली सरूबाई म्हणाली. ती शिवगंगाच्या शेजारी बसायची, आणि तिची जीभ हातोड्याहून जोरात चालायची. "पर गोळी हाय आमच्यात. आण हिकडं."

बायका खदाखदा हसल्या. हसत हसत गोळी गिळली आणि वर पाणी घेतलं ते घोटभरच. कारण त्या उघड्या माळावर आडोसा म्हणून झुडूप उरलं नव्हतं. शेळ्यांनी आणि माणसांनी सगळं ओरबाडून नेलं होतं. बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून पाणीच प्यायचं नाही. दिवसभर घाम गाळायचा, पाणी टाळायचं आणि वरनं गोळी. आत देहाचं काय होत असेल, याची फिकीर कोण करणार? तोंडात घास पडायची मारामार होती.

पुढं पाऊस झाला, ज्वारी उभी राहिली, खडीचं काम बंद पडलं. बायका आपापल्या रानात परतल्या, पण गोळी सोडून नव्हे. भांगलायला जाताना गोळी, सुगीत गोळी, लग्नात पोळ्या लाटायला बसायच्या आधी गोळी. शिवगंगाच्या घरी पाव्हणा आला की गूळ-पाणी व्हायचं, मग चहा, आणि पाव्हणा लांबून उन्हातनं आलेला असला तर बशीच्या कडेला न मागता एक गोळी ठेवलेली असायची. घेणाराही म्हणायचा, वा, काय आदब आहे घराची!

मग गावात सोसायटीचं दुकान निघालं. साखर, रॉकेल, बियाणं, कापड, सगळं सहकारी. वीरप्पाला पंच केलं, कारण तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. सभेत तो कधी तोंड उघडायचा नाही. एकदाच उघडलं. उभा राहिला आणि म्हणाला, "बायामान्सास्नी डोस्क्याच्या गोळीसाठी नळदुर्गापत्तर हेलपाटा पडतोय. दुकानात ठिवा की." टाळ्या पडल्या हो! दगडोबा म्हणून दुकान सांभाळायचा, त्यानं दुसऱ्याच आठवड्यात गोळ्यांची बरणी बिस्किटांच्या बरणीशेजारी मांडली. पोरं गोळीबिस्किटाला यायची, आया डोस्क्याच्या गोळीला. आता बाजाराच्या दिवसाची वाट बघायलाही नको.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, आणि हसू नका. शिवगंगाला एका गोष्टीचा मोठा ताठा होता. ती म्हणायची, "म्या जन्मात औषध घेतलं न्हाई." आणि ती खोटं बोलत नव्हती. औषध म्हणजे दवाखान्यातली बाटली, मापाच्या खुणेची चिठ्ठी लावलेली. औषध म्हणजे सुई. औषध म्हणजे वैद्याचा काढा, पथ्यपाणी, आंबट बंद, तेलकट बंद. गोळी काय औषध असतंय व्हय? ती चहासारखी, पानासारखी. आजारी माणूस औषध घेतो, कामाचा माणूस गोळी घेतो. असा हिशेब एकट्या शिवगंगाचा नव्हता, सगळ्या गावाचा होता.

वर्षं गेली. लेक शांतम्मा लोहाऱ्याला दिली. शिवगंगाची गोळी वाढत गेली, कारण डोकं आता गोळी नसली की दुखायचं. उठल्या उठल्या दुखायचं, गोळी घेतली की थांबायचं. ती म्हणायची, बघा, किती गुणाची आहे! मग तिला भाकरीचा वास नकोसा होऊ लागला. तोंड सदा कडू. अंगाला अशी खाज सुटायची, की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहायची. चेहरा चुना लावल्यासारखा पांढुरका झाला. माळावर दगड फोडणारी बाई, पाण्याची घागर उंबऱ्यात टेकून दम खाऊ लागली. वीरप्पानं विचारलं की म्हणायची, "वय झालं की ओ आता. तुमास्नी काय मी नवरीच दिसती व्हय?"

आणि पुन्हा दुष्काळ पडला. ऐंशीच्या पुढचा, बहात्तरइतका बोभाटा न झालेला, पण माणसाला तसाच सोलून काढणारा. गावात सगळ्यांचे गाल आत गेले, गळ्याची हाडं वर आली. एकट्या शिवगंगाचा चेहरा भरू लागला. सकाळी डोळ्यांच्या पापण्या टम्म, पाय गुबगुबीत, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. दुष्काळात भरलेला चेहरा दिसल्यावर माणूस काय म्हणेल?

"गंगाक्काला दुष्काळ मानवला गं बाई," बायका म्हणू लागल्या. "अंग धरलं बघ कसं!"

भावकीतला बंडप्पा, वीरप्पाचा थोरला चुलतभाऊ, तो तर गावभर सांगत सुटला की वीरप्पाच्या घरात ज्वारीचं पेव भरलेलं आहे, रात्रीचं उपसून खातात. वीरप्पाच्या कानावर आलं तेव्हा तो रागावला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. गाव उपाशी असताना आपली बायको अंगानं भरते आहे, तर आपण तिला नीटच ठेवली आहे, असं त्याला वाटलं. देवा रे! तिच्या कातडीखाली पाणी साठत होतं आणि नवरा मनात खूश होता.

बांगड्या कासाराकडून फोडून काढाव्या लागल्या, तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. मग उलट्या सुरू झाल्या. नळदुर्गाच्या डॉक्टरनं पाय दाबून बघितले, बोटाचा खड्डा तसाच राहिला. "आजी, कुठलं औषध चालू आहे का?" त्यानं विचारलं. शिवगंगानं मान ताठ केली. "म्या जन्मात औषध घेतलं न्हाई." वीरप्पानंही मान हलवली. डॉक्टरनं ताकदीची बाटली दिली, सुई दिली, आणि सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला.

सोलापूरला डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, पण डोळे बारीक करून ऐकणाऱ्या. रक्त घेतलं, लघवी घेतली, रक्तदाब मोजला आणि पुन्हा मोजला. त्यांनीही तेच विचारलं, फिरवून फिरवून विचारलं. गावठी औषध? जडीबुटी? सांधेदुखीसाठी काही? नवरा-बायकोनं प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं. न्हाई जी. कधीच न्हाई.

चार वाजता दवाखान्यात चहा फिरायचा. वीरप्पानं बायकोला उठवून बसवलं, बशीत चहा ओतला, खिशातनं पुडकं काढलं आणि दोन गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या. शिवगंगानं डोळे मिटून घोट घेतला. डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेजवळ उभ्या होत्या.

"काय दिलंत त्यांना?"

"चा दिला जी."

"चहाबरोबर काय दिलंत?"

"गोळी."

"आम्ही दिलेली?"

"न्हाई जी, आमची. डोस्क्याची."

"अहो, मी तुम्हाला किती वेळा विचारलं, औषध घेतात का म्हणून!"

"औषध न्हाईच घेत जी ती," वीरप्पा हात जोडून म्हणाला. "ही गोळी हाय."

बाई खाटेच्या कडेवर बसल्याच. पुडकं हातात घेऊन बघत राहिल्या. कधीपासून घेतात, विचारलं. बहात्तरपासनं, वीरप्पा म्हणाला. रोज किती? त्याला सांगता येईना. सकाळच्या, रानात जातानाच्या, दुपारच्या, निजतानाच्या. मोजतंय कोण? बाईंनी त्याला व्हरांड्यात नेलं आणि आवाज खाली आणून समजावलं. माणसाच्या कमरेत दोन मूत्रपिंडं असतात, ती रक्तातली घाण लघवीवाटे काढून टाकतात. क्वचित डोकं दुखलं आणि एखादी गोळी घेतली, तर धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. पण रोज मूठमूठ, वर्षानुवर्षं, आणि त्यात पाणी कमी प्यायलेलं, तर ही गोळी मूत्रपिंडं आतून जाळत जाते. ती दुखत नाहीत, म्हणून कळत नाही. तुमच्या बायकोची दोन्ही सुकली आहेत. सूज आहे ती चरबी नव्हे, पाणी आहे. रक्तात विष साठतं आहे.

"मग आता?" वीरप्पानं विचारलं.

"रक्त धुवायचं यंत्र मुंबई-पुण्याकडं आहे. तुम्हाला झेपणार नाही, आणि तिथंही माणसांची रांग आहे. रक्तदाबाच्या गोळ्या देते, त्यानं हळूहळू डोकं उतरेल. मीठ बंद. आणि एकच गोष्ट जिवापाड जपा. ही गोळी पुन्हा त्यांच्या पोटात जाता कामा नये. एक सुद्धा. जेवढं उरलं आहे, तेवढ्यावर त्या काही वर्षं काढतीलही. ते गेलं तर मी काही करू शकत नाही."

वीरप्पा एस.टी.त बायकोच्या शेजारी बसून आला, पण त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना. हातानं भरवलं होतं हो त्यानं! बाजारातनं मिरवत आणलं होतं! घरी आल्या आल्या त्यानं देवळी झाडून काढली, डबा चुलीत पालथा केला. दगडोबाला जाऊन सांगितलं, आमच्या घरचं कुणी मागायला आलं तर द्यायची नाही. दगडोबा म्हणाला, "पंचसाहेब, तुमीच तर सुरू केली." वीरप्पा परत फिरला.

आता त्याच्यापुढं एकच काम होतं. बायकोला वाचवायचं म्हणजे तिला गोळी मिळू द्यायची नाही. ऐकायला सोपं आहे. तुम्ही करून बघा.

दुसऱ्या दिवसापासून शिवगंगाचं डोकं उठलं. असं उठलं, की ती भिंतीला कपाळ टेकून बसायची. जिनं जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही, ती नवऱ्यापुढं पदर पसरू लागली.

"एक द्या वो."

"न्हाई."

"अर्धी द्या. अर्ध्यानं काय हुतंय?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, शांताच्या अव्वा. जिवाला धोका हाय."

"तिला काय कळतंय? तिनं कधी दगड फोडलाय? तुमी असं कसं झालात वो? तुमी तर असं नव्हता."

तो गोठ्यात जाऊन रडायचा. डोळे पुसून परत यायचा आणि उंबऱ्यात बसायचा, राखणीला. कारण धोका घरातल्यापेक्षा बाहेरनं जास्त होता. आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. आणि शिवगंगाला काय आवडतं, हे कुणाला सांगायला हवं होतं? येणारी प्रत्येक बाई पदराच्या गाठीत गोळी बांधून यायची. वीरप्पानं एकदोघींना दारातनं परत लावलं. मग सरूबाई आली. तिलाही त्यानं गाठ सोडायला लावली, आणि गाठीत दोन गोळ्या निघाल्या.

"खडीवर आमी मांडीला मांडी लावून बसलो," सरूबाई कडाडली. "तवा तुमच्या माठाला आमचा हात चालत नव्हता, पर तिनं हातानं मला गोळी दिली. आन आज तुमी माझी गाठ तपासता? तिचा जीव चाललाय दुखून, आन तुमी राखण करताय? तुमच्या काळजाला काय झालं, वीरप्पाअण्णा?"

"ही गोळीच तिला खातीया, सरूबाई."

"मग मला का न्हाई खाल्ली? म्या बी तवापासनंच घेती की!"

वीरप्पानं सरूबाईच्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहरा पांढुरका होता. ते तिला सांगायची त्याला भीती वाटली. गावात मात्र बोभाटा झाला. वीरप्पा कसाई आहे. बायकोच्या मरणावर टपलाय. बंडप्पा म्हणाला, पेव एकट्यालाच खायचं असेल.

पण त्यानं तग धरला, आणि फळ दिसू लागलं. पथ्यानं सूज ओसरली. ती कण्या-ताक पचवू लागली. डोकं दुखायचं, पण आधीसारखं भिंतीला टेकायला लावणारं नव्हे. लोहाऱ्याहून शांतम्मा आईची सेवा करायला आली, तेव्हा वीरप्पाला हायसं वाटलं. घरचं माणूस आलं, आता थोडा रानात जाईन म्हणाला. लेकीला त्यानं सगळं समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, डोळ्याला पदर लावला.

एका दिवशी तो रानातनं आला, तर शिवगंगा ओसरीवर बसून वेणी घालून घेत होती. हसत होती. "आज डोस्कं अजाबात न्हाई," ती म्हणाली. वीरप्पाचा जीव भांड्यात पडला. बाईंचं औषध लागू पडलं! तो थेट खंडोबाला जाऊन नारळ फोडून आला. दुसऱ्या दिवशीही डोकं नाही. पुढंही नाही. गावातल्या लोकांना तो सांगत फिरला, बघा, म्हणत होतो ना?

मग पापण्या पुन्हा सुजल्या. लघवी कमी होत होत थांबली. उचकी लागली ती सुटेना. शिवगंगा दिवसाउजेडी झोपेत असल्यासारखी बरळू लागली, कधी कानडीत बापाला हाका मारायची, कधी खडीवरच्या मुकादमाला शिव्या द्यायची. वीरप्पाला उमगेना, असं एकदम झालं काय? त्यानं चुलीपुढं चहा गाळणाऱ्या शांतम्माकडं बघितलं. चमच्यात ती काहीतरी चुरत होती.

"शांता, काय हाय ते?"

पोरीनं चमचा खाली ठेवला. "अव्वाचं बघवत नव्हतं, अप्पा," ती रडत म्हणाली. "रोज पाया पडायची माझ्या. आई लेकीच्या पाया पडती, तर मी काय करू?"

तो तिला मारणार होता. हात उचललाही. पण ज्या हातानं मारायचं, त्याच हातानं त्यानं इतकी वर्षं काय केलं होतं? हात आपोआप खाली आला. त्यानं गाडी जोडली, सोलापूरला न्यायची म्हणून. हमरस्त्याला लागायच्या आधीच, माळावर, शिवगंगाची उचकी थांबली.

गावाचा निकाल तयारच होता. इतकी वर्षं गोळी घेत होती तोवर ठणठणीत होती, गोळी बंद केली आणि गेली. वाईट वाटतं सांगायला, पण शांतम्माचंही तसंच मत पडलं. आधीपासून दिली असती तर अव्वा वाचली असती, असं ती येणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्यात पडून सांगत होती. बायका म्हणायच्या, खरं आहे गं बाई.

माती झाली. जंगमअय्यांनी विधी केला, शिवगंगाला बसती समाधी दिली, लोक अंघोळ करून परत आले. घरात चूल पेटवायची नव्हती, तर बंडप्पाच्या घरनं मोठ्या पातेल्यात चहा आला. ओसरीवर, अंगणात, पाव्हणे आणि गावकरी बसलेले. रडून रडून बायकांची डोकी ठणकत होती. वीरप्पा खांबाला टेकून बसला होता. त्याला कुणाचे चेहरे नीट दिसत नव्हते. लेक ताट घेऊन बाया-बाप्यांच्या पंगतीतनं फिरत येत होती, एवढंच दिसत होतं. ताटात कप होते, आणि मधे बशीत पांढऱ्या गोळ्यांची रास. दगडोबानं दुकानातनं आणून दिल्या होत्या, पंचाच्या घरचं मर्तिक म्हणून सोसायटीकडनं फुकट. जो तो कप उचलत होता, गोळी उचलत होता. सरूबाईनं दोन घेतल्या.

ताट वीरप्पापुढं आलं. "अप्पा, घ्या," शांतम्मा हुंदका देत म्हणाली. "रडून तुमचं डोस्कं जड झालं आसंल."

वीरप्पानं ताटाला असा हात मारला, की कप अंगणात जाऊन फुटले. तो उभा राहिला. जन्मात ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो माणूस घसा फाडून ओरडू लागला. "इख हाय ते! थुका! समदी थुका! तिला म्या मारलं, या हातानं मारलं, आता तुमी मरताय! सरूबाई, थुक! शांता, तू किती घेतीस रोज? सांग! किती घेतीस?"

शांतम्मा घाबरून भिंतीला लागली. मग बायका कुजबुजल्या, बिचारा भ्रमला. दोघा-तिघांनी त्याला मिठीत धरलं. तो झटापट करत होता, पण उपाशी माणसात जोर किती असणार? त्यांनी त्याला दाबून खाली बसवलं. बंडप्पाच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"दुःख सोसत न्हाई त्येला," बंडप्पा म्हणाला. "एक गोळी द्या, शांत पडंल."

सरूबाई पुढं झाली. तिनं जमिनीवर सांडलेली एक गोळी उचलली, पदरानं पुसली, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन, मायेनं, ती त्याच्या ओठांशी धरली.